शुक्र साखरेचा, हक घामाचा

जेवण झाले की ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणायचे, हे आपल्या घरांतील मुले बोबडे बोलत असतानाच शिकतात. अर्थ मागाहून कळतो. हे अन्न केवळ आपल्या हिमतीने आलेले नाही, ते देणारा कोणी आहे आणि त्याचे देणे आपण मानले पाहिजे, एवढे तरी प्रत्येक मुसलमान घरात समजते. सूरह वाकिआमध्ये अल्लाह माणसाला विचारतो की तुम्ही जे पेरता ते उगवतो कोण, तुम्ही की आम्ही? शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर वेगळे शिकवावे लागत नाही. पाऊस लांबला की ते आपोआप आठवते.

पण उगवलेले पीक दस्तरख्वानापर्यंत येण्याच्या वाटेवर माणसांचे हात लागतात. कोणी ते कापते, कोणी बांधते, कोणी डोक्यावर वाहते. त्या हातांचे आभार कोणी मानायचे? जो माणसांचे उपकार मानत नाही त्याने अल्लाहचेही शुक्र अदा केले नाही, अशा अर्थाची प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण अबू दाऊद आणि तिर्मिजी या दोन्ही संग्रहांत आली आहे. म्हणजे शुक्राचे दोन भाग झाले. एक आसमानाकडे पाहून म्हणायचा, दुसरा जमिनीवरच्या माणसाकडे पाहून करायचा. पहिला भाग आपण रोज म्हणतो. दुसऱ्याबद्दल आज थोडे लिहायचे आहे, आणि ते साखरेच्या निमित्ताने.

गेल्या काही वर्षांत रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो आहे. इफ्तारचे सरबत, ईदचा शीरखुर्मा, शेजारीपाजारी पाठवायच्या ताटल्या, या सगळ्यांत साखर लागते. याच दिवसांत आपल्या महाराष्ट्रात उसाचा गाळप हंगाम संपत आलेला असतो. आपण सहरीला उठतो तेव्हा ऊसतोड करणारी बाई कधीच उठलेली असते. चुलीवर भाकरी थापून, पोराला उचलून ती अंधारातच फडाकडे निघालेली असते. तिला अजान ऐकू येते, पण ती तिच्यासाठी वेळ सांगणारी घंटा असते इतकेच. काही टोळ्यांमध्ये मुसलमान जोडपीही असतात. त्यांना मात्र ती अजान बोलावत असते आणि कोयता थांबू देत नसतो.

कोयता म्हणजे दोन माणसे

आम्ही सोलापूर जिल्ह्यातील उसाच्या पट्ट्यात राहतो. आम्ही दोघेही शिक्षक, एकाची शाळा उर्दू, दुसऱ्याची मराठी. घरची दोन एकर बागायत अब्बा पाहतात आणि त्यात बहुतेक वर्षी ऊसच असतो. दिवाळीच्या आसपास बीड, जालना, परभणी, अहिल्यानगरच्या पूर्व भागातून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसे आमच्याकडे येतात. माळावर उसाच्या पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या कागदाच्या कोप्या उभ्या राहतात. पाच-सहा महिने तेच त्यांचे गाव.

ज्यांनी हे जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी या कामाची रीत थोडक्यात सांगतो. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. दहा-बारा कोयत्यांची एक टोळी, तिच्यावर एक मुकादम. हंगाम सुरू होण्याआधीच, पावसाळ्यात घरात काही नसते तेव्हा, मुकादम या जोडीला एकरकमी पैसे देतो. त्याला ‘उचल’ म्हणतात. पुढचे सहा महिने ऊस तोडून ती उचल फेडायची. नवरा ऊस तोडतो, बायको पाला काढते, मोळ्या बांधते आणि त्या डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. गाडी रात्री अकराला आली तर भरणी रात्री अकराला. मजुरी टनावर. २०२४ च्या जानेवारीत कामगार संघटना आणि साखर संघ यांच्यात समझोता होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. टनाला साधारण पावणेतीनशे रुपये होते ते साडेतीनशेच्या पुढे गेले. वाढ चांगलीच म्हणायची. पण तो दर कोयत्याचा, म्हणजे दोघांचा आहे. बाईची मजुरी वेगळी लिहिली जात नाही. उचल नवऱ्याच्या हातात, हिशोब नवऱ्याच्या नावावर, आणि ओझे तिच्या डोक्यावर.

शिवाय ‘खाडा’ नावाची एक गोष्ट असते. जोडीतील एक जण एक दिवस कामावर आला नाही की दंड, बहुतेक ठिकाणी दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत. ताप असो, बाळंतपण असो की मासिक पाळीचा त्रास असो.

या खाड्याच्या भीतीचा परिणाम कुठपर्यंत जातो ते २०१९ साली सगळ्या देशाने वाचले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधान परिषदेत आला आणि शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. सहा जणींमागे एक. यात खाजगी दवाखान्यांचा लोभ होता, अज्ञान होते, लहान वयातील लग्ने आणि बाळंतपणे होती. फडात ना संडास, ना आडोसा, ना स्वच्छ पाणी, हेही होते. पण दुखणे काढायला दोन दिवस रजा घेतली तर दंड, ही गोष्टही होती. विसाव्याचा हक नसला की माणूस आपले शरीर कापून देतो. ही कुठल्या परक्या मुलखातील हकीकत नाही. तो ऊस आपल्याच घरात साखर होऊन येतो.

वहीच्या मागच्या पानावर

मागच्या हंगामात आमच्या मराठी शाळेत बीडकडची एक मुलगी सहावीत आली. गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेऊन आली होती, त्यामुळे दाखल करून घ्यायला अडचण आली नाही. अंगाने किरकोळ, गणितात तल्लख. सकाळी धाकट्या भावाला कोपीत शेजारच्या म्हातारीकडे सोपवून यायची. कधी कधी त्याला सोबत घेऊन यायची आणि तो तिच्या पायाशी बसून खडू खायचा.

हंगामाच्या शेवटी शेवटी वर्गात नफा-तोटा चालू होता. मुलांना सांगितले, घरातला कुठलाही एक हिशोब मांडून आणा. कोणी दुधाचा आणला, कोणी किराणा दुकानाचा. तिने वहीच्या मागच्या पानावर आईबापांच्या कोयत्याचा आणला. तो आमच्या लक्षात राहिला आहे, कारण त्या संध्याकाळी घरी आम्ही दोघांनी तो पुन्हा पुन्हा तपासला.

कामाचे दिवस १२०. रोजचे सरासरी दोन टन. एकूण २४० टन. टनाला ३६६ रुपयांप्रमाणे मजुरी ८७,८४०. हा झाला जमेचा भाग. नावेच्या बाजूला उचल १,००,०००. आठवडी बाजारासाठी मुकादमाकडून वीस आठवडे घेतलेले दर आठवड्याचे हजार, म्हणजे २०,०००. सहा खाडे, ३,०००. एकूण १,२३,०००. वजा करून तिने खाली लाल पेनने लिहिले होते, ‘अंगावर राहिले ३५,१६०.’

सहा महिने दोन माणसे पहाटेपासून रात्रीपर्यंत राबली आणि शेवटी पस्तीस हजारांचे कर्ज उरले. कर्ज उरले याचा अर्थ पुढचा हंगामही आजच विकला गेला. त्या मुलीच्या बाबतीत आणखी एक अर्थ होतो. बाकी फिटत नसली की मुलीला शाळेतून काढून फडात उभे केले जाते, किंवा तिचे लवकर लग्न लावून नवा कोयता तयार केला जातो. ऊसतोडीच्या गावांत बालविवाह का होतात याचे उत्तर पुष्कळदा या बाकीतच असते.

तिने हिशोब वाचून दाखवला आणि मग एक प्रश्न विचारला. “माय तीन दिवस तापली होती. त्या दिवशी टन पडलेच नाहीत, म्हणून पैसे पण नाही लागले. मग वरचे पाचशे कशाचे?”

वर्गात त्यावर कोणाकडे उत्तर नव्हते. आजही कोणी द्यावे. मजुरी रोजाची असती तर न आलेल्या दिवसाचा रोज कापणे समजू शकते. पण मजुरी टनावर आहे. काम झाले नाही तर टन नाही, टन नाही तर मजुरी नाही. नुकसान तिथेच भरून निघाले. त्यावरचे पाचशे म्हणजे आजारी पडल्याची शिक्षा झाली.

‘हा माझा मजूर नाही’

त्या सहा खाड्यांपैकी तीन आमच्याच शेतात तोड चालू होती तेव्हाचे होते, हे तारखांवरून कळले. अब्बांना आम्ही सांगितले. अब्बा सातवीपर्यंत शिकलेले, पण व्यवहारात चोख. दुसऱ्या दिवशी ते मुकादमाला भेटायला गेले. आम्हीही सोबत होतो.

अब्बांनी विचारले, “मुकादम, त्या बाईचे तीन दिवसांचे दीड हजार कापले, ते कोणाच्या खिशात गेले?”

मुकादम चिडला नाही. त्याने बसायला पोते टाकले आणि म्हणाला, “चाचा, मी पण उचलीतलाच माणूस आहे. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, त्याने मला पैसे दिले, मी व्याजाने आणखी काढले आणि यांना वाटले. मागच्या वर्षी दोन कोयते उचल घेऊन निघून गेले, ते मी भरले. खाडा नाही लावला तर उद्या निम्मी टोळी कोपीत झोपेल.”

त्यात खोटे काही नव्हते. उचल घेऊन मजूर पळून जातात, त्यात ट्रॅक्टरमालक आणि मुकादम बुडतात, हेही आमच्या भागात नेहमीचे आहे. शेवटी अब्बांच्या शब्दाखातर त्याने आमच्या शेतातल्या तीन दिवसांचा खाडा काढून टाकला. पस्तीस हजार एकशे साठचे तेहतीस हजार सहाशे साठ झाले. एवढेच झाले. पद्धत आहे तिथेच आहे.

परत येताना आम्ही बराच वेळ या गोष्टीवर बोललो. शेतकरी म्हणतो, मजूर कारखान्याचे, त्यांनी पाठवले. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, टोळी मुकादमाची. मुकादम म्हणतो, मी मालक कुठला, मी तर यांच्यातलाच. चौघे जण ‘हा माझा मजूर नाही’ म्हणतात आणि चौघांचे पोट त्याच मजुरावर चालते. दुनियेच्या कचेरीत हे चालून जाते, कारण तिथे कागद लागतो. कयामतच्या दिवशी कागद लागणार नाही. बुखारी शरीफमधील एका हदीसनुसार तीन प्रकारच्या माणसांविरुद्ध त्या दिवशी खुद्द अल्लाह फिर्यादी असेल, आणि त्यांतला एक म्हणजे ज्याने मजूर लावला, त्याच्याकडून काम पूर्ण घेतले आणि मजुरी दिली नाही तो. मजूर अनपढ असेल, त्याला फिर्याद लिहिता येत नसेल, म्हणून फिर्याद कोणी करायची याची सोय आधीच करून ठेवलेली आहे. हे वाचून ज्याचे काळीज हलत नाही त्याने ते पुन्हा वाचावे.

शेतकऱ्याचा हक आणि मजुराचा हक

इथे कोणी म्हणेल की शेतकरीच कर्जात आहे, तो काय देणार? हे खरे आहे. आम्ही शेतकऱ्याच्याच घरात राहतो. ऊस कारखान्याला गेल्यावर १४ दिवसांच्या आत एफआरपीचे पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाला तर १५ टक्के व्याज मिळाले पाहिजे, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. तरी त्यासाठी दरवर्षी आंदोलने करावी लागतात. वजनकाट्यावर माप मारले जाते, अशा तक्रारी शेतकरी वर्षानुवर्षे करत आले आहेत. सूरह मुतफ्फिफीन मापात मारणाऱ्यांच्या तबाहीच्या इशाऱ्यानेच सुरू होते. स्वतः घेताना माप पूर्ण घ्यायचे आणि दुसऱ्याला देताना कमी द्यायचे, अशी त्यांची खूण तिथे सांगितली आहे.

ही खूण नीट पाहिली तर ती फक्त काटेवाल्याला लागू होत नाही. जो शेतकरी चौदाव्या दिवशी स्वतःचे पैसे मागतो, त्याला ऊस तोडणाऱ्याचा हकही तितकाच तातडीचा वाटला पाहिजे. घाम सुकण्याआधी मजुरी द्या, ही इब्ने माजामधील शिकवण आपण भाषणात फार वापरतो. चौदा दिवस म्हणजे घाम सुकून किती तरी दिवस झाले. आपल्या हकासाठी एक काटा आणि दुसऱ्याच्या हकासाठी दुसरा काटा, यालाच कुरआनाने मापात मारणे म्हटले आहे.

मजुराकडूनही चुका होतात, त्या झाकायचे कारण नाही. अलीकडे टोळ्या शेतकऱ्याकडे ‘खुशाली’ मागतात. एकरामागे इतके दिले तरच तोड, नाही तर ऊस वाळू दे. लहान शेतकऱ्याला हा जाच होतो. इस्लामने काम ही अमानत मानली आहे. घेतलेले काम पूर्ण आणि नीट करणे मजुरावरही बंधनकारक आहे आणि अडवून घेतलेला पैसा कोणालाच हलाल होत नाही. आमच्याकडे टोळी आली तेव्हा अब्बांनी पहिल्याच दिवशी सांगितले, खुशाली म्हणून अडवून मागाल तर देणार नाही, जे द्यायचे ते सर्वांसमोर आणि राजीखुशीने देईन. टोळीने ते ऐकले. पण आमचे मत असे झाले आहे की जिथे हक सरळ वाटेने पूर्ण मिळत नाही, तिथे तो आडवाटेने मागितला जातो. दोन्ही बंद करायचे असेल तर आधी सरळ वाट मोकळी करावी लागेल.

याबाबत कुरआनातील हजरत मूसा (अलै.) यांचा किस्सा आम्हाला फार मोलाचा वाटतो. मदयनमध्ये परागंदा होऊन आलेला एक तरुण, हातात काही नाही, गावात ओळख नाही. अशा माणसाला कसेही राबवून घेता आले असते. पण तेथील बुजुर्गांनी आधी मुदत ठरवली, आठ वर्षे, दहा केली तर तुमची मर्जी, आणि आपल्याला तुमच्यावर कष्टाचा बोजा टाकायचा नाही असेही सांगून टाकले. सूरह कससमधील या एका करारात मजुरीचे सगळे कायदे आहेत. मुदत आधी ठरली, मोबदला आधी ठरला, आणि मालकाने स्वतःवर मर्यादा घालून घेतली. समोरचा पैगंबर होणार आहे हे त्या बुजुर्गांना तेव्हा कुठे ठाऊक होते? त्यांच्यासमोर होता तो एक गरजू परदेशी मजूर.

खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) यांनीही तरुणपणी मक्केच्या लोकांच्या बकऱ्या मजुरीवर चारल्या. त्यामुळे मजुरीला कमी लेखणे आपल्याला शोभतच नाही.

जकात मजुरी होत नाही

आपल्या समाजात दानाची कमी नाही. रमजानमध्ये हात सैल होतो. कोप्यांमध्ये जुने कपडे वाटले जातात, ईदला शीरखुर्मा जातो, कोणी जकातचे पैसे देऊन येतो. हे सगळे चांगले आहे, ते चालू राहो. पण इथे एक फरक लक्षात ठेवला पाहिजे. मजुरी हा हक आहे, सदका ही मेहेरबानी आहे. हक मारून त्यातले थोडे मेहेरबानी म्हणून परत केले तर दोन्ही बिघडतात. जकातचे पैसे मजुरीत किंवा बक्षिसीत धरता येत नाहीत, हे फिकहच्या कुठल्याही मौलानांना विचारावे. कामवाल्या बाईला महिन्याच्या पगाराऐवजी जकात दिली तर जकातही अदा होत नाही आणि पगारही बाकी राहतो.

पिकावरच्या उश्रचेही तसेच. पावसावरच्या पिकाचा दहावा आणि पाणी देऊन पिकवलेल्याचा विसावा हिस्सा, हे आपण जाणतो. कोणत्या पिकावर आणि आपल्या मुलखातील कोणत्या जमिनीवर तो लागू होतो याबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत, ते ज्याने त्याने आपल्या मौलानांकडून समजून घ्यावेत. पण कापणीच्या दिवशीच पिकाचा हक देऊन टाका, हा सूरह अनआमचा इशारा स्पष्ट आहे. सूरह कलममध्ये बागवाल्या भावांची गोष्ट आली आहे. गरिबांना काही द्यावे लागू नये म्हणून त्यांनी भल्या पहाटे गुपचूप फळे तोडायचे ठरवले आणि पोहोचले तेव्हा बाग उजाड झालेली होती. त्यांनी कोणाचे चोरले नव्हते. कापणीच्या दिवशी गरीब माणूस आपल्या शेतात दिसू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

याच्या उलट चित्र गुहेत अडकलेल्या तीन माणसांच्या हदीसमध्ये आहे. दरड कोसळून वाट बंद झाली, तेव्हा प्रत्येकाने आपले एक खालिस काम आठवून दुआ केली. तिसऱ्याचे काम काय होते? एक मजूर आपली मजुरी न घेता निघून गेला होता. याने ते थोडेसे धान्य पेरले, वाढवले, त्यातून गुरेढोरे झाली. वर्षांनी मजूर परतला तेव्हा सगळा कळप त्याच्या हवाली केला. त्या दुआवर गुहेची वाट पूर्ण मोकळी झाली. यात आम्हाला विशेष वाटते ते हे की त्याने ती वाढ स्वतःची मानली नाही. मजुराच्या घामातून जे वाढले त्यात मजुराचा हिस्सा आहे, हे त्याने मानले. आमच्या शिवारात बंगले, गाड्या, कारखाने, सगळे उसावर वाढले. ऊस तोडणारा मात्र कोपीतच राहिला.

आपल्या हातात काय आहे

शासनाने काही पावले उचलली आहेत. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाची वसतिगृहे सुरू झाली आहेत. गावपातळीवर नोंदणी करून ओळखपत्र देण्याची योजना आहे. ती प्रत्येक कोपीपर्यंत पोहोचवण्याचे काम मोठे आहे. पण घरात बसून सरकारला नावे ठेवण्यापेक्षा आपल्याला करता येण्यासारखे काय आहे ते पाहावे.

ज्यांच्या शेतात टोळी येते त्यांनी पिण्याच्या पाण्याची आणि बायकांसाठी आडोशाची, शक्य असेल तर संडासाची सोय करावी. खर्च थोडा आहे, पण ज्यांनी ती वेळ भोगली आहे त्या बायकांच्या दुआ मोठ्या आहेत. आपल्या शेतात तोड चालू असेपर्यंत आजारी बाईला खाडा लागणार नाही, एवढा शब्द मुकादमाकडून आधीच घ्यावा. आधी बोलले तर ऐकले जाते, हा आमचा अनुभव आहे.

ज्या घरांत कॉलेजची मुले-मुली आहेत त्यांनी रविवारी एक तास कोपीवर जावे आणि ज्याला हवा त्याचा हिशोब एका वहीत लिहून द्यावा. किती टन, किती दर, किती उचल, किती बाकी. लिहिलेल्या हिशोबाला माणूस घाबरतो. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, हे कुरआनानेच सांगितले आहे, आणि लिहिता येणाऱ्याने नकार देऊ नये असेही सांगितले आहे. आपल्या शिकण्याचे शुक्र अदा करण्याची याहून सोपी रीत आम्हाला माहीत नाही.

शिक्षकांनी आणि मशिदीच्या जबाबदार मंडळींनी माळावरच्या मुलांची नावे जवळच्या शाळेत घालावीत. जात-धर्म विचारू नये. शाळा कोणाचे मूल नाकारू शकत नाही, आणि आपण सोबत गेलो तर आईबापांची भीड चेपते.

आणि ज्यांचा शेतीशी काही संबंध नाही, त्यांच्याही घरी धुणीभांडी करणारी बाई येते, शिवणाऱ्या बायका असतात, दुकानात पोरगा असतो. नियम तोच आहे. तुमच्या हाताखालचे तुमचे भाऊ आहेत, त्यांच्यावर ताकदीबाहेरचे ओझे टाकू नका, टाकलेच तर स्वतः हात लावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण ऊसतोडीपासून भांडी घासण्यापर्यंत सगळीकडे लागू होते. ईदच्या आधी पगार पूर्ण द्यावा, ईदी वेगळी द्यावी. बाई आजारी पडली तर रजा कापू नये.

सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अलै.) यांच्या घराण्याला शुक्राचे अमल करण्याचा हुकूम आहे. म्हणजे शुक्र ही नुसती म्हणायची गोष्ट नाही, करायची गोष्ट आहे. तिथेच पुढे म्हटले आहे की असे शुक्रगुजार बंदे थोडेच असतात. त्या थोड्यांमध्ये आपली गणती व्हावी.

ती मुलगी एप्रिलमध्ये गावी गेली. जाताना सहावीची प्रगतीपुस्तिका आणि हिशोबाची वही दोन्ही घेऊन गेली. तिच्या बापाला आम्ही वसतिगृहाची माहिती लिहून दिली आहे. त्याने ती घडी करून टोपीत ठेवली आणि “बघतो” म्हणाला. तेहतीस हजारांची बाकी आणि ती घडी, यांतले काय भारी पडते ते येत्या दिवाळीला कळेल.

अल्लाह तिला शिकू देवो. ज्यांच्या हातांनी आमचे अन्न आमच्यापर्यंत येते त्यांच्या रोजीत बरकत देवो, आणि त्यांचा हक आमच्याकडून दुनियेतच अदा होवो, आखिरतच्या हिशोबासाठी बाकी न राहो. आमीन.